फेस बाईंच्या वाट्याचा

बातमी घरी आली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होते. दुपारची वेळ होती. कुलूप उघडलं आणि एकाच माणसाची पावलं वाजली. आमचे मालक आत आले. त्यांच्या हातात बाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पिशवी होती. ती त्यांनी बाईंच्या खुर्चीवर ठेवली आणि स्वतः समोरच्या खुर्चीवर बसले. मग फोन वाजला.

"हो," मालक म्हणाले. "सकाळीच. झोपेतच गेली म्हणाले. नाही गं, जेवलो नाही, पण भूकही नाही. तू सावकाश ये. गाडी हळू चालव."

पलीकडे त्यांची मुलगी होती. मला कळलं ते असं. बाई दोन दिवसांपूर्वी "जरा छातीत जळजळतंय, दाखवून येऊ" म्हणत स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी मला तेल लावायला खिळ्यावरून काढलं होतं आणि परत टांगलं होतं. "आल्यावर लावते," असं त्या म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि मला चार भोकं आहेत. प्रत्येक भोकात एक छोटा ग्लास बसतो. बीअरच्या लहान लहान ब्रुअरींमध्ये लोक चव बघायला जातात, तेव्हा त्यांना चार प्रकारची थोडी थोडी बीअर अशा फळीवर मांडून देतात. माझा धंदा हा असा मोठ्या माणसांचा आहे. तुमच्यापैकी जे लहान असतील त्यांनी बीअरकडे लक्ष देऊ नये. फक्त लाकडाकडे द्यावं.

मालक सुतार आहेत. दारं आणि खिडक्या करतात. एका मोठ्या घराचं अक्रोडाचं दार करताना एक तुकडा उरला. तोच मी. त्यांनी मला रंधलं, कडा गोल केल्या, आणि भोकं पाडायला घेतली. तिसऱ्या भोकाच्या वेळी ड्रिल सरकलं आणि भोक किंचित मोठं झालं. मालकांनी शिवी घातली आणि मला फेकून द्यायला उचललं. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या.

"अहो, राहू दे की," त्या म्हणाल्या. "तिसरा ग्लास जरा हलेल, एवढंच ना? बडबड करेल बिचारा. करू दे."

तेव्हापासून माझ्या तिसऱ्या भोकातला ग्लास खुळखुळतो. बाई त्याला बडबड्या म्हणायच्या.

बाई बेकरीत काम करायच्या. पहाटे पाव भाजायचा आणि दुपारी मोकळं व्हायचं. पावात यीस्ट आणि बीअरमध्येही यीस्ट. इकडेही धान्य, तिकडेही धान्य. म्हणून असेल, त्यांचं नाक फार तयार होतं. सुट्टीच्या दिवशी त्या आणि मालक गाडी काढायचे आणि आसपासच्या गावांत जिथे कुठे कोणी स्वतःची बीअर गाळत असेल तिथे जायचे. त्यांना नशेत रस नव्हता. संध्याकाळी घरी येऊन मालक रंधा मारायला बसले तरी त्यांचा हात सरळ चालायचा. त्यांना चव बघायची असायची.

मी खूप जागा पाहिल्या. एक ब्रुअरी जुन्या गॅरेजमध्ये होती, तिथे जमिनीवर अजून इंजिन ऑइलचे डाग होते. एक बंद पडलेल्या दूध डेअरीत होती, तिथल्या टाक्या दुधाच्याच होत्या. डोंगरावरच्या गावात पाणी हलकं, म्हणून तिथली बीअरही हलकी, गवताच्या रंगाची. खाली नदीकाठच्या गावात पाणी जड, तिथे कडू बीअर चांगली जमायची. एका गावात बीअरचं धान्य, म्हणजे बार्ली, लाकडाच्या धुरावर वाळवायचे. तिथला पहिला घोट घेऊन बाई म्हणाल्या होत्या, "कोणीतरी ओल्या लाकडांनी चूल पेटवलीये आणि पेटत नाहीये." मालकांनी चाखलं आणि म्हणाले, "मला तर बीअरच लागते."

"तुमची जीभ म्हणजे या फळीचाच उरलेला लाकडी तुकडा आहे."

"मग त्यालाही तेल लाव."

त्या दोघांची एक पद्धत होती. ग्लास चारच, माणसं दोन. प्रत्येक ग्लासातला वरचा अर्धा भाग बाईंचा, खालचा अर्धा मालकांचा. फेस बाईंच्या वाट्याचा. बाई आधी वास घ्यायच्या, मग पहिला घोट. वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी उमटायची. मग त्या काय लागतं ते सांगायच्या आणि ग्लास पलीकडे सरकवायच्या. मालक त्यांचं ऐकूनच प्यायचे. बाई मनुका म्हणाल्या की मालकांना मनुका लागायच्या. इतक्या वर्षांत मालकांच्या ओठाला फेस कधी लागला नाही.

आणि चव घेण्याचा एक क्रम असतो. फिकट बीअर आधी, मग तांबूस, शेवटी काळी. काळी आधी घेतली तर जीभ भाजल्यासारखी होते आणि पुढची सगळी पाण्यासारखी लागते. म्हणून मालकांनी माझ्या एका टोकाला बोटभर खाच पाडली. खाच डाव्या हाताला आली पाहिजे, फिकट ग्लास तिथे. पण मला टेबलावर ठेवताना मालक कधीच खाच बघायचे नाहीत. बाई बघायच्या. त्या काही न बोलता मला फिरवून सरळ करायच्या आणि मगच ग्लास भरायला सांगायच्या.

सगळीकडे माझं कौतुक व्हायचं. लोक हात फिरवून विचारायचे, "कुठून घेतली?" बाई मालकांकडे बोट दाखवायच्या आणि मालक लाजून खिडकीची चौकट तपासायला लागायचे.

ज्या ब्रुअरीत आम्ही सगळ्यात जास्त गेलो ती कालव्याकाठी, एका जुन्या गोदामात होती. एक स्त्री ती एकटीच चालवायची. हात कोपरापर्यंत लाल, पायात रबरी बूट. बाईंनी तिचं नाव पिंपवाली ठेवलं होतं. ती बाईंना ताई म्हणायची आणि मालकांना भाऊजी.

एकदा बाई तिला म्हणाल्या, "सकाळचा पाव निघाल्यावर आमच्या भट्टीत बराच वेळ धग असते. वाया जाते. त्यात तुझी बार्ली भाजून बघू का?"

पिंपवाली हसली. "ताई, पावाचा चुरा पडलेली बीअर कोण पिणार?"

"मी पिईन. तुझ्या भाऊजींना जबरदस्ती पाजीन."

आणि खरंच त्यांनी ते केलं. बाईंनी बेकरीतल्या पत्र्यांवर बार्ली पसरली आणि उरलेल्या धगीत हळूहळू काळी केली. तिची बीअर एका छोट्या लाकडी पिंपात भरली. अशी काळी बीअर पिंपात वर्षभर मुरवतात, लाकडातून ती चव घेते. पिंपवालीने बूच ठोकलं. बाईंनी त्यावर हात ठेवला.

"ऐक गं. मी आल्याशिवाय उघडायचं नाही. पहिला घोट माझा."

"शपथ, ताई. तुम्ही आल्याशिवाय हात लावणार नाही."

"यांनी मागितलं तरी नाही."

"भाऊजींना तर मी आत पण घेणार नाही."

तिघंही हसले. मी टेबलावर होते. बडबड्या खुळखुळत होता. वर्ष भरायला अजून वेळ होता, आणि त्याआधीच तो दुपारचा फोन आला.

त्यानंतर मी खिळ्यावरच राहिले. मुलगी आली, काही दिवस राहिली. बाईंचे कपडे घडी करून कपाटात ठेवले आणि कपाट लावून टाकलं. तिने मलाही पुसलं, पण ओल्या फडक्याने. तिला काय माहीत. ओलं फडकं लागलं की लाकूड फुगतं, वाळलं की आखडतं. बाई दर फेरीनंतर मला जवसाचं तेल लावायच्या, मऊ कापडाने, भोकांच्या आतून बोट फिरवून. आता कोणी लावत नव्हतं. तिसऱ्या भोकाची कड पातळ होती, तिथून एक भेग निघाली आणि चौथ्या भोकाकडे चालू लागली.

मालक कामावर जायचे, परत यायचे. दारं करायचे. एका दाराची चौकट त्यांनी दोनदा चुकवली. संध्याकाळी बाईंच्या खुर्चीसमोर बसून जेवायचे. पिशवी अजून खुर्चीवरच होती.

मग एके दिवशी पिंपवालीचा फोन आला.

"भाऊजी, वर्ष झालं. वर दोन महिने झाले. मी काय करू?"

मालकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तू शपथ घेतलीयस ना."

"घेतलीये. पण पिंप काही जन्मभर वाट बघत नाही हो. लाकडातून हवा जाते. या थंडीत टिकेल. उन्हाळा लागला की आंबट होईल, मग फक्त ओतून द्यावी लागेल. ताईंनी भाजलेली बार्ली आहे ती. मला ती गटारात ओतायला लावू नका."

रविवारी मालकांनी मला खिळ्यावरून काढलं आणि कालव्यावर नेलं.

गोदामात थंडी होती. कोपऱ्यात, भिंतीला लागून, ते छोटं पिंप होतं. त्यावर कोणीतरी स्वच्छ गोणपाट टाकलेलं होतं. मालकांनी तिकडे एकदाच पाहिलं आणि नेहमीच्या टेबलावर बसले. मला समोर ठेवलं.

"ते नंतर बघू," पिंपवाली म्हणाली. "आधी नेहमीच्या चार देते. मी डावीकडून भरत जाते, चालेल ना?"

तिने भरल्या. मालकांनी न बघताच, बोटांना माझी खाच लागली त्या बाजूचा ग्लास उचलला. फेस वर आलेला होता. त्यांनी तो ओठापर्यंत नेला आणि थांबले. ग्लास परत भोकात ठेवला. फेस बसेपर्यंत वाट बघितली. बराच वेळ लागतो, मित्रांनो. शेवटी फेस गेला, बुडबुडे गेले, तेव्हा त्यांनी अर्धा ग्लास प्यायला. मग दुसऱ्याचा फेस बसेपर्यंत थांबले. असं चारही ग्लासांचं. चारही अर्धे राहिले.

"कसं आहे?" पिंपवालीने विचारलं.

"पहिली कडक होती. बाकी सगळी पाणचट लागते. पाणी बदललंस का?"

"भाऊजी," ती हळू म्हणाली, "फळी उलटी ठेवलीये तुम्ही. खाच उजवीकडे आहे. माझंही लक्ष गेलं नाही. तुम्ही काळी आधी प्यायलात."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ती खाच त्यांनी स्वतःच्या हातांनी पाडली होती.

"नेहमी तीच फिरवून ठेवायची," ते म्हणाले.

पिंपवाली समोरच्या बाकावर बसली, पण बाईंच्या जागेवर नाही, थोडी सरकून. कालव्यावरून एक होडी गेली, तिचं इंजिन फटफटत होतं, आणि त्या थरथरीने बडबड्या खुळखुळला.

"उघडू या का?" तिने पिंपाकडे मान वळवून विचारलं. "फेस मी बाजूला काढते. एका ग्लासात ठेवते. त्याला कोणी हात लावणार नाही. तुम्ही खालचं घ्या. तुमचं नेहमीचं."

"आणि काय लागतं ते सांगणार कोण?"

पिंपवालीने खुळखुळणाऱ्या बडबड्यावर हात ठेवला.

"उघडलं की संपेल," मालक म्हणाले. "बंद आहे तोवर तिचं काहीतरी यायचं राहिलंय."

"बंद राहिलं तरी संपेल, भाऊजी. आंबट होऊन संपेल. मग त्यात ताईंचं काय उरेल?"

मालक उठले. पिंपाजवळ गेले. गोणपाट बाजूला करून त्यांनी बुचावर हात ठेवला, बाईंनी ठेवला होता तसा. सुताराचा हात आहे, लाकूड ओळखतो. त्यांनी पिंपाच्या फळ्यांवरून बोट फिरवलं, जोड तपासले. कुठे गळत नव्हतं. मग त्यांनी गोणपाट परत नीट टाकलं.

"उन्हाळ्याआधी येतो," ते म्हणाले.

"नक्की?"

"येतो म्हटलं ना."

घरी आल्यावर त्यांना माझी भेग दिसली. त्यांनी अंगठ्याने ती चाचपली, उजेडात नेऊन पाहिली. स्वयंपाकघरातल्या कपाटावरून जवसाच्या तेलाचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. तेल कुठल्या कापडाने लावायचं ते त्यांना आठवेना. बाईंचं कापड कुठेतरी असेल. ते शोधायला बाईंचं कपाट उघडावं लागलं असतं. त्यांनी मला खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी लाकडाची एखादी वस्तू असेल. पोळपाट असेल, पाट असेल, आजोबांची काठी असेल. तिला ओल्या फडक्याने पुसून ठेवू नका. वाळू द्या, तेल लावा, हाताने लावा. आणि घरात हे काम कोण करतं ते एकदा बघून ठेवा. कुठलं कापड, किती तेल, डबा कुठे ठेवतात, ते विचारून घ्या. विचारायला माणूस समोर आहे तोवर विचारा. आम्ही वस्तू सांगू शकत नाही. आम्ही फक्त तडकतो.

पिंपवालीचा फोन पुन्हा दोनदा वाजून गेला. मालक घरात होते. दुसऱ्या वेळी त्यांनी हात पुढे केला होता, पण तोवर फोन थांबला.

आता उन्हाळा लागला आहे. मला ते कळतं, कारण माझी भेग चौथ्या भोकापर्यंत पोचली आहे. तेलाचा डबा टेबलावर आहे. पिशवी खुर्चीवर आहे. पिंप अजून उघडलेलं नाही.