ज्याच्या हाळीवर होडी हलते

आमच्या दांडी गावात एक नेम हाय. पावसाळाभर रेतीवर ओढून ठेवलेली होडी नारळी पुनवेला पाण्यात लोटायची, तवा एकानं हाळी द्यायची आन् बाकीच्यांनी "हैस्सा" म्हणत जोर लावायचा. ज्याच्या हाळीवर होडी हलली तोच त्या वर्षाचा तांडेल. मंग भर दर्यात तो म्हणेल तिकडं होडी जाणार.

सतरा वर्षं आमच्या होडीवर हाळी माज्या नवऱ्याची. लोक दामूदादा म्हणतात. मी नवऱ्याचं नाव घेत नाय, तांडेलच म्हणते. चौऱ्याऐंशी सालच्या जेठात जाळं विणता विणता त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आन् वाचा बसली. तोंडातून एकच शब्द निघायचा, च्यायला. पाणी पायजे तरी च्यायला, मीठ कमी तरी च्यायला. माजं नाव जमना, तेवढं पण येईना. मी समोर हसायची आन् मागल्या दारी जाऊन रडायची.

होडीवर माजा दीर नवशा. माणूस वाईट नाय, पण घाई भारी. म्हणतो कसा, "वयनी, मुका तांडेल कुटं बघितलाय? यंदा हाळी मी देतो."

मी म्हटलं, "पुनवेला दोन म्हयने हायेत. तवर तोंड मीट."

तांडेलकी गेली तर हा माणूस खाटेवरून उठायचा नाय, हे मला ठावं होतं. आन् दुसरा तांडेल झाला तर याला मी हाक काय म्हणून मारायची?

बोईसरच्या दवाखान्यात सुगंधाबाई डॉक्टर होत्या, परभणीकडच्या. त्यांनी याच्या डोक्याला डावीकडं हात लावला आन् म्हणाल्या, "बिघाड इथं आहे." मला वाटलं, बाई चुकली. हात लुळा उजवा आन् ही दाखवते डावीकडं. एवढी शिकलेली, चारचौघांत कशाला बोला? घरी येऊन मी महिनाभर उजव्या टाळूवर तेल जिरवलं.

पुढल्या खेपेला बाईंनी विचारलं, डोकं एका बाजूनंच का एवढं तेलकट? मी सांगितलं, "तुमची चूक मी निस्तरली."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, डावा मेंदू उजव्या अंगाला हुकूम देतो. मेंदूतून खाली येणाऱ्या तारा मानेच्या वर बाजू बदलतात."

मला काय ते पटेना. तेवढ्यात तांडेलानं चांगल्या हातानं हवेतच सुकाणूचा दांडा धरला, डावीकडं लोटला आन् मानेनं उजवीकडं दाखवलं. "च्यायला," म्हणाला. दांडा डावीकडं लोटला की होडी उजवीकडं वळते, हे दर्यावरचं शेंबडं पोर सांगेल. त्याला माज्या आधी कळलं होतं.

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. "यांना सगळं समजतंय. समज शाबूत आहे, शब्द अडकलेत. मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण बाकीचा भाग शिकतो. हात रोज हलवून घ्या." मंग विचारलं, "हे गातात का? बहुतेकांचं बोलणं डावीकडं असतं, पण सुरात उजवी बाजूही साथ देते. बोलता न येणारा माणूस कधी कधी गातो."

गाणं कसलं, हाळी येते त्याला. घरी येऊन मी ओट्यावर उभी राहिले आन् मुद्दाम बेसूर हाळी दिली. त्याला ते सहन होईना. "च्यायला," म्हणाला, डावा हात मांडीवर आपटला आन् सुरात म्हणाला, "लाव रे जोर."

माज्या हातातली बोंबलाची पाटी खाली पडली. तोंडातून आपसूक "हैस्सा" निघालं.

मंग रोज तेच. त्याच सुरात शब्द बसवायचे. दे गं पाणी, हैस्सा. घाल गं मीठ, हैस्सा. शेजारची गोजराबाई म्हणायची, एकाला वारं लागलं आन् दुसरीला वेड. म्हणू दे. नवशाला मी चकार शब्द सांगितला नाय. हळूहळू तांडेल काठी धरून, पाय ओढत चालायला लागला. सूर सोडला की मात्र परत च्यायला.

पुनवेला नवशा होडीच्या नाळेशी, पुढल्या टोकाला, उभा राहिला. पहिली हाळी दिली, होडी हलेना. दुसरी दिली, निम्मे आधी लोटतात, निम्मे नंतर. रेतीत रुतली ती रुतलीच.

तांडेल काठी टेकत पुढं गेला. नाळेवर हात ठेवला, तोंड उघडलं आन् निघालं, "च्यायला." मागून कोण तरी हसलं. पण तांडेलाची नजर होडीवर होती. डाव्या हातानं त्यानं फळीवर ताल धरला.

"लाव रे जोर."

तीस तोंडांनी सवयीनं उत्तर दिलं, "हैस्सा."

"सोड रे नवशा."

"हैस्सा." नवशा पण म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

"सुकाणू माजं."

"हैस्सा." होडी सरकली ती थेट पाण्यात.

गुडघाभर पाण्यात उभ्या नवशाला मंग कळलं आपण कशाला हो म्हणालो ते. "च्यायला," म्हणाला, हसला, आन् भावाला दंडाला धरून वर चढवलं.

तांडेल सुकाणूशी बसला, दांडा डाव्या बगलेत. मी किनाऱ्यावरून हाक मारली, "तांडेल, जपून जा."

त्यानं मान वळवली. फळीवर दोनदा थाप मारली.

"येतो गं जमना."

मी तोंड उघडायच्या आत सगळ्या किनाऱ्यानं माज्यासाठी उत्तर दिलं, "हैस्सा."