शुक्रवारची हुग्गी

“अय्यो आई, हुग्गी करपलीय की,” अश्विनी दारातूनच म्हणाली.

मी पातेल्यासमोरच उभी, हातात डाव. सून परड्यातून येऊन मला सांगते आणि मला पत्ता नाही.

उन्हाळ्यात ताप येऊन गेला, तेव्हापासून नाकाला वास नाही की जिभेला चव नाही. घरात कुणाला बोलले नाही. का बोलू? दुकान ह्यांचं, व्यवहार मुलाचा. माझं म्हणावं असं हे एवढं स्वयंपाकघर. आणि हे गल्लीभर सांगत फिरणार, “आमच्या शकुंतलेला नुसत्या वासावरनं मीठ कळतं.”

रोजचं मी निभावून नेत होते. आमटीचा चमचा अश्विनीपुढं धरायचा. “शिकायचंय ना? सांग बघू काय कमी आहे.” ती मीठ म्हणाली की मान डोलवायची, “आत्ता कुठं जीभ तयार व्हायला लागली तुझी.” पोरगी खूश व्हायची.

पण आज श्रावणातला शुक्रवार. देवीला नैवेद्य दाखवण्याआधी चाखलं की उष्टं होतं. तिला चाखायला लावता येईना, म्हणून फुलं तोडायला पिटाळलं आणि एकटीच ढवळत राहिले. गव्हाची, गुळाची खीर ती. रंगावरनं काय कळणार? डाव तळाला अडकला, तेव्हा वाटलं गहू आळलाय.

“तुम्हाला वास आला नाही?” अश्विनीनं विचारलं.

“लक्ष नव्हतं माझं.”

“म्हणून रोज मला चव बघायला लावता होय, आई?” फार हळू विचारलं तिनं.

तेवढ्यात हे सोवळ्यातच आत आले. “कुणी करपवलं?”

“मी, अप्पा,” अश्विनी म्हणाली. “गॅस मोठा ठेवून फुलं तोडायला गेले.”

“सासूला विचारायचं होतंस की. तिला शेजारच्या घरातलं करपलेलं कळतं.” मग माझ्याकडं वळून, “श्रावण संपेपर्यंत देवाचं सगळं तू एकटीच कर. हिला चुलीजवळ येऊ देऊ नकोस.”

अश्विनी मान खाली घालून थांबली. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली, हे मला कळत होतं. एक वाक्य तर बोलायचं होतं. लाज वाटली.

“बरं,” मी म्हटलं.

ती बाहेर गेली. सोवळ्यात कुणी शिरू नये म्हणून ह्यांनी दार ओढून घेतलं. मी दुसरं पातेलं गॅसवर ठेवलं आणि काही वास येतोय का बघत त्याच्यावर वाकून उभी राहिले.