गळ्यातला होकार

गोळी तळहातावर हलत होती. एवढीशी, पांढरी, शेंगदाण्याच्या पाकळीएवढीही नाही, आणि हलत होती... म्हणजे हात हलत होता. पण नंदकुमारला गेले कित्येक दिवस आपला हात हलतोय असं वाटतच नव्हतं, वस्तूच हलतायत असं वाटायचं – कपातला चहा, जासईच्या कंटेनर यार्डातल्या गेटपासवरची सही, वर्तमानपत्राची कडा. रविवार, सकाळचे साडेसात. समोर सुचित्रा पाण्याचा पेला घेऊन उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर बायकोपेक्षा पहारेकऱ्याचा भाव जास्त.

"गिळा आता. का हिचाही आधी अभ्यास करायचाय?"

टोमणा मारायचा तिला पुरता हक्क होता. यार्डातल्या आरोग्य तपासणीचा कागद आला तेव्हा त्यात टीएसएच नावापुढं चांदणी होती आणि शेजारी लिहिलं होतं – कमी. कंटेनर यार्डात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला एकच गोष्ट पक्की कळते, कमी दिसलं की भरून काढायचं. आणि भरायचा माल घरातच होता. सुचित्राच्या कपाटात अकरा वर्षं गोळ्यांची बाटली. "मला थायरॉइड आहे," असं ती चारचौघांत सांगायची, जशी काही बाकीच्यांच्या गळ्यात त्या जागी नुसती पोकळीच असते! तिला थायरॉइड, आपल्यालाही थायरॉइड, म्हणजे तिची गोळी ती आपली गोळी. शिवाय हे बायकांचं दुखणं, ते घेऊन डॉक्टरकडं काय जायचं... पाच आठवडे तो रोज पहाटे, ती उठायच्या आत, तिच्या बाटलीतली एक गोळी गुपचूप गिळत होता. शेवटी बाटली वेळेआधी रिकामी झाली, चोरी पकडली गेली आणि सुचित्रानं त्याला डॉक्टरकडं धाडलं.

"काका, तुम्ही अगदी उलटं केलंत," वाशीच्या डॉक्टरीणबाई बुधवारी हसू दाबत म्हणाल्या होत्या. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी, ती रक्तातून गळ्यातल्या ग्रंथीला निरोप धाडते – काम कर, अजून कर. हा निरोप म्हणजे टीएसएच. गळ्यातली आपणहून भरमसाट हार्मोन ओतायला लागली की वरची गप्प बसते. "तुमचा निरोप कमी आहे, कारण हार्मोन उतू चाललंय. आणि त्यात तुम्ही काकूंचंही ओतलंत! ते प्रत्येक पेशीला घाई करायला लावतं. धडधड, घाम, वजन उतरणं, झोप नाही, चिडचिड. माणूस कधी कधी उतावीळपणे काहीतरी ठरवूनही बसतो. तुम्ही नाही ना काही ठरवलंत?"

"छे," नंदकुमार म्हणाला होता.

ठरवून बसला होता. तीन आठवड्यांपूर्वी जेवताना लेकीनं, ईश्वरीनं, मान खाली घालून आकाशचं नाव काढलं. महापेच्या कंपनीत तिच्याबरोबर काम करणारा, आईवडील परभणीकडचे, बौद्ध. सुचित्राचा हात वाढता वाढता थांबला, आणि नंदकुमार – घरातल्या पडद्यांच्या रंगालासुद्धा 'बघू' म्हणणारा नंदकुमार – ताटावरून उठून म्हणाला, "मुलगा चांगला आहे ना? मग कर लग्न. भावकीला मी तोंड देतो!" ईश्वरी गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी गावाहून थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला, तर त्यालाही त्यानं दोन खडे बोल सुनावले आणि मग लिफ्ट न घेता सात मजले चढून गच्चीवर गेला. खाली घणसोली गावाची एकमेकांना खेटलेली घरं, पलीकडं खाडी... उभ्या जन्मात तो इतका खूश झाला नव्हता.

आता प्रश्न असा, की ते बोललं कोण? मी बोललो, की सुचित्राची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी बोलली? आणि ही नवी गोळी पोटात गेल्यावर तो बोलणारा उरणार आहे का? म्हणूनच बुधवारपासून नव्या गोळ्यांचं पाकीट खिशात घेऊन तो हिंडत होता, 'घेतो, घेतो' म्हणत होता. काल सुचित्राला ते न फाडलेलं सापडलं. आणि आज पाच वाजता आकाशचे आईवडील पहिल्यांदा घरी यायचे होते.

त्यानं गोळी गिळली. ही नुसती धडधडीवरची, तासा-दोन तासांत उतार पडेल. मूळ दुखण्यावरची दुसरी, तिला महिना-दीड महिना लागेल.

घरात बसवेना. फरसाण आणायच्या निमित्तानं तो गावठाणाच्या गल्ल्यांतून दोनदा फिरून आला. दुसऱ्यांदा परतताना जिन्यापाशी त्याच्या लक्षात आलं, काहीतरी थांबलंय. कानात इतके दिवस वाजत असलेलं ते धाड धाड नव्हतं. छातीवर हात ठेवला तर आतलं सगळं शहाण्यासारखं, संथ चाललेलं... आणि तो घाबरला. चोरी झालेल्या घरात माणूस भराभर कपाटं उघडून बघतो, तसं त्यानं मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघितलं – मग कर लग्न. शब्द तेच होते, पण मागून रेटा नव्हता.

बाराच्या सुमाराला फोन आला. दादा.

"नंदू, सुचित्राकडनं कळलं तुझं. आरं, मग ते तसलं बोलणं त्या दुखण्यातलंच आसंल की!"

"दादा, तसं नाही..."

"ऐक. त्या लोकांना तोडून बोलू नगंस. तब्येत बरी नाही, बरा झालो की कळवतो, एवढंच म्हण. डॉक्टरचा कागद हाय तुझ्याकडं. कोण काय म्हणणाराय?"

ओरडायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ओरडणं नुसतं तोंड उघडलं की बाहेर पडत होतं, आता शोधावं लागत होतं. "हं," नंदकुमार म्हणाला. मागं वळला तर दारात ईश्वरी.

"काय म्हणाले काका?"

"तब्येतीची चौकशी करत होता."

ती नवे पेले पुसायला आत गेली, आणि ते किती वेळ पुसत होती हे त्याला बाहेर ऐकू येत होतं.

दुपारभर तो पलंगावर पडून राहिला. सुटका किती सोपी होती! कुणाचा अपमान नाही, भांडण नाही, आजारी माणसाला कोण दोष देणार. महिन्याचे दोन होतील, दोनाचे सहा, पोरं आपसूक थकतील... छे, हा विचार कुणाचा? की हाच खरा मी? ठीक आहे, होकार ग्रंथीनं दिला. मग अठ्ठावीस वर्षं 'बघू' म्हणणारा तो कोण होता? त्याच्या रक्तात काय कमी होतं, ते कधी कुणी तपासलं होतं का? सुचित्रा आत आली, पंखा कमी करून पायाशी बसली.

"माझ्याच गोळ्यांनी तुम्हाला तोंड फुटलं," ती म्हणाली, "मी मेली अकरा वर्षं खातेय, मला नाही फुटलं." मग हसू मावळल्यावर हळूच, "पोरगी त्या दिवसापासून गुणगुणत असते हो घरात. आज सकाळपासनं गप्प आहे."

पाचला पाच मिनिटं असताना आकाशचे आईवडील आले. रावसाहेब महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. दुर्गाबाईंनी धपाट्यांचा डबा सुचित्राच्या हातात दिला. आकाश मुद्दाम आला नव्हता, आधी मोठ्यांनी बोलावं म्हणून. चहा झाला, पाणी कुठून कुठून येतं ते झालं.

"ईश्वरी म्हणाली, तुमची तब्येत बरी नाही," रावसाहेब म्हणाले. "आमची काई घाई नाही बघा. तुमी आधी बरे व्हा, मग सावकाश बोलू. नाईच जमलं, तरी मनात काई धरायचं नाई."

"तब्येतीपुढं काय हाय," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून उठायच्या बेतात बसल्या.

दादानं शिकवलेलं वाक्य त्यांनीच आणून दिलं होतं. नंदकुमारला फक्त मान हलवायची होती. पण रावसाहेबांच्या आवाजात राग नव्हता, आशाही नव्हती. सवय होती. या माणसानं अशी वाट किती जणांना करून दिली असेल – घरमालकांना, साहेबांना, शेजाऱ्यांना – समोरच्याला नाही म्हणताना अवघड वाटू नये म्हणून! कोपऱ्यात ईश्वरी जमिनीकडं बघत होती, बापाकडं बघायचं टाळत होती.

छाती संथ होती. तिथून कुठलाच धक्का येईना. दादाची भीती होती, गावची होती, जुनी, ओळखीची, आणि तिच्यावर चढत गेली ती लाज, कानाच्या पाळ्या तापवणारी. ही कुठल्या ग्रंथीतून पाझरली, हे शोधत बसावंसं त्याला वाटलं नाही.

"बसा हो," तो म्हणाला. दोघंही थांबले. पुढं काय बोलायचं ते त्याला अजून माहीत नव्हतं, पण तब्येतीचं नाव काढायचं नाही एवढं पक्कं होतं.