बोट कमी असलेला माणूस

आमच्या प्रार्थनाघरात दर आठवड्याला प्रवचनकार शेवटी कुणाच्या तरी पापाची एक गोष्ट सांगतात. "आपल्यातलाच एक आहे बरं का," अशी सुरुवात. नाव घ्यायचं नाही, हा नियम. मग बाहेर अंगणात चहा पिता पिता सगळी मंडळी ते नाव शोधून काढतात आणि त्या माणसाला जगणं नकोसं करतात. धर्मकार्यच ते!

त्या आठवड्यात कुणी काही केलंच नव्हतं. मी प्रवचनकारांकडे धुणीभांडी करते, म्हणून मला ठाऊक. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या. "रचावीच लागणार," म्हणाले आणि मलाच विचारलं, "तुझ्या दादाचं बोट कसं गं गेलं?"

"करवतीत," मी म्हटलं. मला काय माहीत, हा मेला काय शिजवतोय!

गोष्ट सांगितली ती मेलेल्या लेकराच्या अंगावरचं कापड चोरणाऱ्याची. वर तिखटमीठ म्हणून त्याच्या हाताला एक बोट कमी.

माझा दादा सुतार. शवपेट्याही तोच करतो. पाववाल्याची पोर नुकतीच गेली होती, तिची पेटी दादानेच केलेली. हातातला चहा टाकून सगळे सुतारखान्यात घुसले.

शिंपीणबाईंनी दादाचे केस धरून त्याला टेबलावर आडवं पाडलं. पाववाल्याने दादाचाच हातोडा दादाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.

"माझ्या पोरीचं कापड कुठंय?"

"कसलं कापड?"

पुन्हा हातोडा. मी पाववाल्याच्या मनगटाला कडकडून चावले, तर मला उचलून भिंतीवर आपटलं. हे दादाला जिवंत सोडत नाहीत, एवढं कळलं. तशीच रक्ताळल्या तोंडाने धावले आणि प्रवचनकारांना ओढत आणलं.

"सांगा यांना, रचलेली होती म्हणून!"

ते दारात उभे राहिले. सगळे थांबले. ही रचलेली, तर मग आजवरच्या गोष्टींचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ती भीती मला त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसली.

"माफ करा त्याला," ते म्हणाले.

आणि मंडळींनी माफ केलं हो! पाववाला ढसाढसा रडत दादाच्या गळ्यात पडला. शिंपीणबाई पदराने त्याचं रक्त पुसू लागल्या.

प्रवचनकार आशीर्वाद द्यायला पुढे झाले. एक हात टेबलावर टेकला. हातोडा तिथंच पडला होता. मी तो उचलला आणि होती नव्हती ती ताकद लावून त्यांच्या बोटांवर हाणला.

ते किंचाळत खाली बसले.

"आता सांगा गोष्ट," मी म्हटलं. "आपल्यातलाच एक आहे."