दोन इंच कमी

मी एक जुनी पोलादी टेप आहे, पंधरा फुटांची. मित्रांनो, पंधरा म्हणते खरी, पण पहिले दोन इंच माझ्यापाशी नाहीत. इकडे कन्नड मुलखात, चामराजपेटच्या एका बांधकामावर मिक्सरचे चाक माझ्या तोंडावरून गेले आणि ते दोन इंच तुटले. माझे मालक परसू मेस्त्री बेळगावकडचे. त्यांनी माझी तुटकी कड कानशीने घासली आणि मला ठेवून घेतले. तेव्हापासून ते मला दोनच्या आकड्यावर धरतात आणि येणाऱ्या मापातून दोन इंच वजा करतात. बारा वर्षांत त्यांचा एकही कोपरा काटकोनातून हलला नाही. लोक त्यांचे कौतुक करत, तेव्हा मीही जरा फुगत असे.

जे. पी. नगरला नागराज यांच्या आईला जिना चढवेना, म्हणून घराला लिफ्ट बसवायची होती. मेस्त्रींनी लिफ्टच्या भिंतींसाठी दोऱ्या बांधल्या. त्या तपासायला अश्लेषा आली, बांधकाम कंपनीची नवी इंजिनिअर, पुण्याची, पहिलीच नोकरी. तिच्या मापाच्या लेझरची बॅटरी संपली होती, म्हणून तिने मला उचलले. कोपऱ्यापासून एका दोरीवर सहा फूट, दुसरीवर आठ. छत्तीस आणि चौसष्ट मिळून शंभर, म्हणजे तिरके माप दहा फूट यायला हवे. पण तिने मला तुटक्या टोकाने धरले होते आणि दोन इंच वजा करायचे असतात हे तिला ठाऊकच नव्हते. तिन्ही मापे दोन-दोन इंचांनी खोटी निघाली आणि कर्ण दहाला पाऊण इंच कमी भरला.

काटकोन चुकलाय, असे ती सगळ्यांसमोर म्हणाली. मेस्त्रींना ते फार लागले. मग तिने विचारले, "मेस्त्री काका, टेप बरोबर आहे ना?"

"सरी, मॅडम."

कन्नडमध्ये सरी म्हणजे बरोबर, आणि सरी म्हणजे बरं, तुमची मर्जी. तिने पहिला अर्थ घेतला. मेस्त्रींच्या मनात दुसरा होता, आणि तो तिला कळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. तिच्या सांगण्यावरून दोरीची खुंटी सव्वा इंच सरकली. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

भिंती उठल्या. लिफ्टची लोखंडी चौकट आली, ती काही केल्या आत बसेना. एक भिंत फोडावी लागली. सगळे खापर अश्लेषाच्या माथी फुटले आणि कंपनीने तिला काढून टाकले.  तिसऱ्या दिवशी मेस्त्री नागराज यांच्यापुढे उभे राहिले. "सायब, टेप माझी मोडकी हाय. मला ठाव होतं. मी बोललो न्हाई."

नागराज यांनी लगेच कंपनीला फोन लावला, पण अश्लेषाच्या जागी दुसरा माणूस आला होता. मग मेस्त्रींनी तिला फोन करून सगळे सांगितले. 

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं," एवढेच म्हणून तिने फोन ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारखी मोडकी वस्तू जपा, पण ती कुणाच्या हाती देताना तिची खोट आधी सांगा. ज्याने आपल्याला दुखावले त्यालाही सांगा. भिंत आठवड्यात पुन्हा उभी राहिली, आता म्हातारी आई लिफ्टने वर जाते. अश्लेषा त्या कामावर परत आली नाही.