भुताला पाणी

दीडशे वर्षांपूर्वीची एक विलायती भूतकथा. तिच्यातलं बर्फ मी काढून टाकलं आणि गिरडच्या टेकडीवरचं धुकं आणलं. पिपरी मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या रेडिओ केंद्राचं हे पहिलं थेट नाटक. केंद्रप्रमुख भैय्याजींनी बजावून ठेवलं होतं, "रूपाली, लोकं भ्याले नाई तं रविवारची वेळ बोंडअळीच्या सल्ल्याले देऊन टाकीन." आमच्याकडे बोंडअळीला लोक भुतापेक्षा जास्त भितात हे मला ठाऊक आहे. पण सहा महिने खपून अशा बारा कथा लिहिल्या होत्या, त्या काय लोणच्यात घालायच्या?

गोष्ट साधी. वीस वर्षांपूर्वी मेलेला नवरा दारावर तीन थापा मारतो. बायको दार उघडते, किंचाळते आणि कोसळते. नवऱ्याचं काम निवृत्त कंडक्टर रूपरावांकडे. बायकोचं सुलोचनाकाकूंकडे. तालमीतली काकूंची किंकाळी ऐकून गल्लीतलं कुत्रं दोन दिवस फिरकलं नाही.

तालमीत आम्ही टेबलावरच थापा मारायचो. ऐनवेळी मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, रूपरावांनी खरंच बाहेरून दार वाजवावं, परिणाम होईल.

रविवारी, भर दुपारी, नाटक थेट सुरू असताना थापा पडल्या. हाडांच्या आवाजासाठी तुरीच्या वाळक्या काड्या मोडायला मी तयार बसले. काकूंनी दार उघडलं. समोर घामाघूम रूपराव.

"या जी, बसा. उन्हाचे आले. पाणी आणू का?"

रूपरावही इथलेच. म्हणाले, "द्या जी घोटभर."

भूत गटागटा पाणी प्यायलं आणि ते जिल्हाभर ऐकू गेलं. मी घाईघाईने गाणं लावलं आणि काकूंवर कडाडले.

"भूत होतं ते, काकू!"

"असन. दारात आलेल्याले पाणी नाई विचारायचं का मंग? मेला म्हणून का झालं, नवराच होय नं तो!"

माझं डोकं आणखीच फिरलं. काचेपलीकडे भैय्याजी पोट धरून हसत होते. गाणं संपलं, फोन सुरू झाले. पहिले तिघं नुसतेच खिदळले. माझा रविवार गेला, हे मी धरूनच चालले.

चौथा फोन समुद्रपूरकडच्या तानबाजींचा.

"माही घरवाली जाऊन तीन वर्सं झाले," ते म्हणाले. "कवाड वाजलं का मी अजून उठतो. वाटे, खरंच आली तं का बोलू तिच्याशी? आज समजलं. पाणी विचारायचं."

भैय्याजींचं हसू थांबलं. आत येऊन हळूच म्हणाले, "रविवार तुहाच." ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं होतं, पण मला आनंद करायचं सुचेना. तानबाजी अजून फोनवर होते.

काकूंनी माईक स्वतःकडे ओढला.

"तानबाजी, आयका. पाणी तं द्याच. पण जेवल्याबिगर जाऊ नोका देऊ तिले."