बाहेरची काठी

काठीच्या रबरी बुडाला गोल वळ्या असतात, एकीत एक, आणि त्यांतल्या अगदी आतल्या खाचेत काहीतरी गुलाबी अडकलं होतं. शकुनने काठी उलटी करून मांडीवर घेतली होती – जुनं रबर काढून नवं बसवायचं म्हणून – आणि आता नवं रबर शेजारी तसंच पडलं होतं, ती जुन्याकडेच बघत बसली होती. कुंकू? छे, कुंकवाचा लाल वेगळा. तिने केसातली पिन काढून खाच कोरली. तळहातावर चिमूटभर पूड पडली, बोटाने चोळली तर खरखरीत लागली... रांगोळी. तीही राणी रंगाची.

दारात रांगोळी असते, दारातून काठी जाते, लागणारच की, असं कुणीही म्हटलं असतं. पण ही बाहेरची काठी होती. शरच्चंद्रांना झटका आला, डावी बाजू गेली, महिनोन् महिन्यांनी एका हाताने धरायचा वॉकर घेऊन ते पहिल्यांदा खाली जाऊन आले, त्या दिवशी शकुनने वॉकरचे चारही पाय मोरीत नेऊन धुतले होते. ज्या घरात बाहेरच्या चपला दाराच्या आत येत नाहीत त्या घरात रस्ताभर फिरून आलेला वॉकर देवापर्यंत कसा येणार? पुढे वॉकर सुटला तेव्हा तिने सरळ दोन काठ्याच घेतल्या. घरची पलंगापाशी, बाहेरची दाराशी, चपलांच्या फळीला टेकून. व्यायाम करून घ्यायला येणारा शंतनु पोट धरून हसला होता – काकीमा, मी इतक्या घरांतून जातो, काठीला चप्पल समजणारं घर हे एवढंच. हसू दे. ज्याला फरशी पुसावी लागत नाही त्याला हसायला काय जातं?

तर बाहेरची काठी बाहेर जायची ती शकुनबरोबर. शेवटची गेली रविवारी, तळ्यापर्यंत. रविवारची रांगोळी पांढरी होती. हा राणी रंग विनीताने – धाकट्या बहिणीने – साताऱ्याहून पाठवलेल्या पुड्यातला, आणि तो पुडा तिने फोडला काल सकाळी. काल बुधवार. बुधवारी शकुन सियालदहहून गाडी धरून बराकपूरला जाते, मैत्रिणीकडे, स्मिता कर्णिककडे, ती पार दिवेलागणीला परत येते. काल जाताना काठी फळीला होती, आल्यावरही फळीलाच होती. आणि काठी काही एकटी फिरायला जात नाही.

रांगोळीतल्या एका पाकळीत काल गोल भोक दिसलं होतं, तेही आता आठवलं. तिने ते कामाला येणाऱ्या शेफालीच्या बादलीवर ढकललं होतं, आणि शेफालीने भांडी जरा जास्तच आपटली होती. बिचारी. समोरच्या घोषबाई लक्ष्मीपूजेला तांदळाच्या पिठाची ओली अल्पना काढतात, ती एकदा वाळली की हत्ती चालून गेला तरी बोलायची नाही. आपली रांगोळी कोरडी... पायाला लागते, काठीला लागते, आणि लगेच चहाडी करते. हुशार माणूस, साऱ्या बँकेचे हिशेब तपासत देशभर फिरला, पण बायकोची रांगोळी ओलांडायचं सुचलं नाही – की जमलं नाही?

तिने रबर पुन्हा उजेडात धरलं. एका बाजूला ते पार झिजून सपाट झालं होतं. ती बरोबर असली की शरच्चंद्र भार टाकतात तिच्यावर, काठी नुसती शोभेला. इतकं झिजायला काठीवर खरा भार पडावा लागतो, आणि तो काही एका बुधवारी पडलेला नव्हता.

राग आला. आधी रागच आला. पडले असते म्हणजे? मी बराकपूरला, शेफाली दुपारची आपल्या घरी, आणि हे... तिने आत बघितलं. शरच्चंद्र खिडकीशी वर्तमानपत्र मांडीवर पसरून, चांगल्या हाताने घडी पाडत निवांत बसले होते. चेहऱ्यावर काही नाही. इतक्या वर्षांत हा चेहरा तिला पाठ झाला होता, निदान तसं ती समजत होती, आणि त्याच्या मागे अख्खे बुधवार दडलेले होते. 'अहो, काल कुठे गेला होतात?' – एवढं विचारलं की झालं. पण प्रश्न ओठांपर्यंत आला आणि तिला तो विचारावासा वाटेना. त्यापेक्षा वेगळंच काहीतरी वाटायला लागलं होतं, पोटात हलकी गुदगुली केल्यासारखं. कुठे जात असतील? मिठाईच्या दुकानात? साखर वाढलीय, चोरून संदेश खायला? की कुणाला भेटायला? या वयात, एका हाताने?... तिला हसू फुटलं. तिने नव्या रबराला साबणाचं पाणी लावलं, ते काठीच्या टोकावर पिळून पिळून घट्ट बसवलं आणि काठी फळीला टेकवून ठेवली.

पोळ्या लाटताना विनीताचा फोन आला. नव्या घराची वास्तुशांत, हावड्याहून गाडीचं तिकीट आज काढलं तरच मिळणार, आठ दिवस तरी ये ना गं ताई. शकुनने नेहमीचंच सांगितलं, यांना टाकून कशी येऊ. "आज संध्याकाळपर्यंत सांग," विनीता म्हणाली, "मग मी तुझं नावच सोडते." नाव सोडते... ते तिला लागलं. दोन वर्षांत किती जणांनी असं तिचं नाव सोडलं होतं, कुणी सांगून, कुणी न सांगता. आणि ती काय, खोटं थोडंच बोलत होती? झटक्यानंतरचे ते दिवस – शरच्चंद्रांच्या कमरेला तो मुठींचा पट्टा बांधायचा, मागून दोन्ही मुठी धरायच्या, एक... दोन... उठा. त्यांचं वजन तिच्या मनगटांना इतकं कळायला लागलं होतं की ते डावीकडे कलणार हे त्यांच्या आधी तिला समजायचं. पट्टा आता कपाटात गेला, पण हात तसेच राहिले. मध्यंतरी गाडीत कुणी परकी बाई जरा झोकांडली तर शकुनने तिची कंबरच धरली होती. केवढी चमकली होती ती बाई!

खरं म्हणजे त्या हातांपायीच बराकपूर. स्मिताकडे ती जाते हे खरं, पण स्मिताला झोप फार. जेवण झालं की ती आडवी होते आणि शकुन घाटावर जाऊन बसते. एकटी. नदी बघत म्हणावं तर नदीही फारशी बघत नाही. नुसती बसते, हात मांडीवर मोकळे टाकून, कुणी काही मागत नाही, कुणी पडत नाही. हे तिने शरच्चंद्रांना कधी सांगितलं नव्हतं. लपवायसारखं काय आहे त्यात? काहीच नाही. पण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जपून बस हो, पायऱ्या निसरड्या असतात, आणि पुढच्या बुधवारी ती जपून बसली असती.

दुपारी तिने पिशवी घेतली. "लेक मार्केटला जाऊन येते. फुलं आणायचीत, जरा उशीर होईल."

"ये," शरच्चंद्र म्हणाले. झटक्यापासून त्यांचे शब्द जरा थांबून येत. "सावकाश ये."

सावकाश ये. इतके दिवस या शब्दाने तिला किती बरं वाटायचं! आज वाटलं, अस्सं, सावकाश का?

गल्लीच्या पलीकडे होमिओपॅथीचा दवाखाना होता. डॉक्टर संध्याकाळी येत, पण दाराबाहेरचं बाक दिवसभर तिथेच. शकुन त्यावर पिशवी घेऊन बसली. मी काय चालवलंय हे, या वयात नवऱ्यावर पाळत? वरच्या ग्रिलमध्ये कुणाचं तरी निळं गंजीफ्रॉक वाळत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, म्हणजे आपण आपल्याच इमारतीच्या फाटकाकडे बघतोय असं स्वतःला वाटू नये. आणि लिफ्टचं दार वाजलं.

आले. पांढरा सदरा, पट्ट्याच्या सँडल, उजव्या हातात काठी. इमारतीच्या तोंडाशी तीन पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला, उतरताना डावीकडे. डावा हात तर नुसता मुडपून छातीशी असतो, तो काय कठडा धरणार? म्हणून त्या पायऱ्यांवर शकुन त्यांचा कठडा व्हायची. आज कठडा पलीकडे बाकावर बसला होता. शरच्चंद्र वरच्या पायरीवर उभे राहिले, आणि मग – तिला आधी कळेचना ते काय करताहेत – ते वळले. रस्त्याकडे पाठ केली, इमारतीकडे तोंड. काठी त्या मुडपलेल्या डाव्या कोपरात अडकवली, खुंटीला अडकवावी तशी. आता कठडा उजवीकडे आला होता. तो धरून त्यांनी डावा पाय मागे, खाली सोडला, चाचपला, टेकला. मग उजवा. पुन्हा डावा...

शकुन पिशवीचे बंद मुठीत पिळत होती. तिचे हात धावले होते, ती मात्र बाकावर होती. उलटं उतरायचं! हे शंतनुने शिकवलं नव्हतं, तिने तर नाहीच. कधी सुचलं असेल, कुठल्या बुधवारी, किती वेळ त्या पायरीवर उभं राहून? आणि त्या निकामी हाताला काम सापडलं होतं. तिने त्या हाताला तेल लावलं होतं, मालिश केली होती, त्याच्यासाठी रडली होती. पण त्याची खुंटी होऊ शकते हे तिला कधी दिसलं नव्हतं, आणि आता तिला विलक्षण कुतूहल वाटलं की या माणसाला आणखी काय काय येतं.

ते गल्लीतून निघाले. मिठाईचं दुकान मागे पडलं – मनातल्या मनात तिने त्यांची माफी मागितली – इस्त्रीवाला मागे पडला. कोपऱ्यावर मोठ्या रस्त्याच्या कडेला ते थांबले. रिक्षा जात होत्या, बस जात होत्या. एका कॉलेजच्या मुलीने येऊन त्यांचं कोपर धरलं. पार नेऊन सोडते, असं काहीतरी म्हणाली असावी. शरच्चंद्रांनी मान हलवली. मुलगी गेली. आता ओलांडतील... ते ओलांडेनात. परत वळेनात. काठीवर अंगाचा भार टाकून ते नुसते उभे होते, रहदारीकडे तोंड करून, कुणाची वाट बघत नव्हते, काही विकत घेत नव्हते.

शकुनने ते उभं राहणं ओळखलं. बराकपूरच्या घाटावर ती असंच बसते.

किती दिवसांनी ती त्यांना लांबून बघत होती! पट्ट्याच्या मुठींपासून कधी हातभर लांब झाली नव्हती ती. लांबून ते बारीक दिसत होते, थोडे कललेले, जरा अनोळखी, लग्न ठरण्याआधी खिडकीच्या पडद्याआडून एकदा चोरून बघितले होते तसे. तेव्हाही माहीत नव्हतं हा माणूस कसा आहे.

आता ते परत फिरतील. कठडा चढताना उजवीकडे येईल, म्हणजे सोपं आहे. की नाही सोपं? थांबून बघावं... ती उठली. पाय फाटकाकडेच वळत होते, तिने ते दवाखान्याशेजारच्या बोळाकडे वळवले. एकदाही मागे न बघता जायचं हे पट्टा धरण्याहून अवघड होतं. मनगटं दुखत होती, खरोखरीची दुखत होती. ते पडले असले तर? पडले असले तर कुणीतरी धावेल, आणि मला आयुष्यभर... नको. ती बोळातून बाहेर पडली आणि लेक मार्केटला जाऊन, कसल्याही घासाघिशीशिवाय, झेंडूच्या दोन माळा घेऊन आली.

ती लिफ्टने वर आली. दार उघडलं, आणि ती आधी खालीच बघू लागली. राणी रंगाच्या फुलात गोल ठसे दोन होते. एक जातानाचा. एक येतानाचा.

ती तिथेच, जिन्याच्या गार फरशीवर, पिशवी घेऊन खाली बसली. बराच वेळ हसू आणि रडू एकमेकांच्या आड येत राहिलं. मग तिने बोटाने कडेची रांगोळी ओढून ओढून दोन्ही भोकं बुजवली, पाकळीची कड सारखी केली. आता कुणाला काही कळलं नसतं. शेफालीलाही नाही. आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून ती आत आली. बाहेरची काठी फळीला टेकलेली होती. नवं रबर तिला दिसत होतं. तिने काठी उलटी केली नाही.

शरच्चंद्र खिडकीशी होते, सदरा बदललेला. "मिळाली फुलं?"

"मिळाली."

"उशीर केलास."

"तुम्हीच म्हणालात ना, सावकाश ये."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ. की तिलाच तसं वाटलं?

फोन वाजला. विनीता. "ताई, काय ठरलं? सोडू का नाव?"

यांना टाकून कशी येऊ – वाक्य जिभेवर तयार होतं, दोन वर्षं घोटलेलं. आणि शकुनच्या एकाएकी लक्षात आलं, या दोन वर्षांत हे वाक्य तिने सगळ्यांना ऐकवलं होतं, पण ज्यांच्याविषयी ते होतं त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. ते 'जा' म्हणाले तर वाईट वाटेल, 'नको' म्हणाले तर? कुठलं ऐकायचंय मला?

"थांब हं विनू," ती म्हणाली. "यांना विचारते."

तिने फोन छातीशी धरला. "अहो... विनू आठ दिवस बोलावतेय, जाऊ का?"

शरच्चंद्रांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. त्यांचं उत्तर नेहमीप्रमाणे जरा थांबून येणार होतं, आणि ते काय असेल हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं. ती उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.